पैठणला जाल तर पदर उलटून पाहा!

पैठण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक नाथमहाराज आणि दुसरी पैठणी. पहिल्यासाठी जायचं ते सवडीनं, दिंडीबरोबर. आणि दुसरीसाठी आम्हा नांदगावकरांनी इतक्या लांब जायचंच कशाला? मनमाडवरून येवलं तास-सव्वा तासावर! लग्नाचा बस्ता निघाला की आमच्याकडची पावलं आपोआप येवल्याकडे वळतात. पण गेल्या हिवाळ्यात पुतणीचं लग्न ठरलं आणि थोरल्या जाऊबाईंनी मनात घेतलं, "पैठणी घ्यायचीच तर एकदा पैठण बघून घेऊ." मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. 'सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजेच आजचे पैठण' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! मलाही ते गाव डोळ्यांनी पाहायचंच होतं. पुतणीच्या साडीसाठी घरातून रक्कम ठरवून दिली होती, ती कनवटीला लावली आणि आम्ही दोघी निघालो.

भगिनींनो, या गावाचं नाव आपल्याच पोथ्यापुराणांत आहे असं समजू नका. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी इजिप्तकडच्या कुणा व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाचं एक टिपणवजा पुस्तक लिहिलं. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखतात. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं नाही, पण कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं हे त्यानं एखाद्या हिशेबी गृहिणीसारखं नोंदवून ठेवलं आहे. त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, अशा दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. पैठणहून अकीकाचे खडे आणि तेरहून तलम कापड, गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे आणि तिथून जहाजांत चढत असे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानंही पैठणची नोंद केली आहे.

या व्यापाराची दुसरी बाजू गमतीची आहे. रोममधला प्लिनी नावाचा ग्रंथकार पहिल्या शतकात कुरकुरत होता की, हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान दरवर्षी आमचे दहा कोटी 'सेस्टर्स' ओढून नेतात, आमचे शौक आणि आमच्या बायका आम्हाला एवढ्याला पडतात! म्हणजे बायकांच्या खरेदीवरून नाक मुरडण्याची चाल आपल्याच घरात निघाली असं नाही. आणि बरं का, हे यवन नुसते माल घेऊन परतले असंही नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसानं खोदवून दिलं आहे आणि शिलालेखात तो स्वतःला उत्तरेकडचा 'योनक', म्हणजे यवन म्हणवतो. बापाचं नाव धर्मदेव. ग्रीक माणूस आणि नाव इंद्राग्निदत्त! शाळेची सहल नाशिकला गेली की मुलांना मी हे आवर्जून सांगते.

आता जायचं कसं ते सांगते. नांदगावहून रेल्वेनं जायचं तर मनमाडला गाडी बदलून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं पूर्वीचं औरंगाबाद. तिथून पैठण दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर, एस.टी. सतत असते. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तेव्हा त्या खर्चाचा बाऊ करू नका. आम्ही वैजापूरवरून रस्त्यानं गेलो. (जाता जाता एक सांगू का? मनमाडहून निजामाच्या मुलखात जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला येणारे साहेबलोक आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरत आणि पुढे टांग्यानं जात. आज नांदगावला कुणी मुद्दाम उतरत नाही, पण एके काळी आमचाही तोरा होता!)

पैठण गाव गोदावरीच्या काठावर, उंचसखल. अरुंद बोळ आणि मधूनच एखादा जुना वाडा. आधी नाथांच्या वाड्यात गेलो. एकनाथमहाराजांचा काळ १५३३ ते १५९९. याच घरी श्रीखंड्याच्या रूपात प्रत्यक्ष पांडुरंगानं बारा वर्षं पाणी भरलं अशी श्रद्धा आहे. तो रांजण आजही दाखवतात. पुरुषमंडळी तिथे पांडुरंगाला हात जोडतात. मला मात्र गिरिजाबाईंची आठवण झाली. त्या वैजापूरच्या, असं सांगतात. म्हणजे आमच्या वाटेवरच्याच. नाथांच्या घरी वेळी-अवेळी येणाऱ्या प्रत्येकाला पान वाढायचं ते त्यांनी. नाथांचा राग पाहायचा म्हणून एका आगंतुकानं वाढणाऱ्या गिरिजाबाईंच्या पाठीवर उडी मारली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. नाथ म्हणाले, "सांभाळ, पडेल हं तो." आणि बाई म्हणाल्या, "हरीला पाठीशी घेऊन काम करायची मला सवय आहे." कीर्तनकार ही गोष्ट नाथांच्या शांतीसाठी सांगतात. शांती कुणाची मोठी, ते तुम्हीच ठरवा!

नदीकाठी नाथांची समाधी आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे साधारण मार्चात, इथे नाथषष्ठीची यात्रा भरते. दर्शनाला जायचं तर तेव्हा जरूर जा, पण त्या गर्दीत साडीखरेदी जमायची नाही. जवळच नागघाट. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते ठिकाण, तिथे रेड्याची मूर्ती आहे. शुद्धिपत्रासाठी ही चार पोरकी भावंडं याच गावात आली होती. ती एवढीशी मुक्ताई या घाटावर बसली असेल, असं मनात आल्यावाचून राहिलं नाही. सातवाहनांच्या काळातली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती पाहायच्या तर गावात बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. घाटावर कुणी 'जुनं नाणं' विकायला आणलं तर मात्र घेऊ नका. नकली असेल तर पैसे गेले आणि अस्सल असेल तर १९७२ च्या कायद्यानं अशा वस्तूंचा विनापरवाना व्यवहार गुन्हा आहे.

जायकवाडीचं धरण अगदी लगत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सत्तावीस दरवाजे! आमच्या नांदगावला उन्हाळ्यात हंड्याहंड्याचा हिशेब. त्यामुळे नाथसागराचं ते अफाट पाणी पाहून जाऊबाई कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

आता पैठणीकडे वळू. पैठणमध्ये लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, शिवाय घरोघरी माग आहेत. माझं ऐकाल तर आधी माग पाहा आणि मगच दुकानात शिरा. आम्ही तसंच केलं आणि त्यामुळेच निभावलो.

मागावर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पदर चालला होता. आपल्याला वाटतं, नक्षी यंत्रानं किंवा निदान जाळ्यानं उमटत असेल. छे! रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या उभ्या धाग्यांवर लोंबत असतात. ताण्याचे धागे मोजायचे, एक रंग आत घालायचा, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, मग पुढचा रंग. मोराच्या एका पिसाऱ्यात किती वेळा हे करायचं! दिवसभर बसून भरगच्च पदर बोट-दोन बोटं पुढे सरकतो. साध्या पदराची साडी काही आठवड्यांत उतरते, पण अंगभर नक्षीची असेल तर वर्ष उलटतं. काठसुद्धा मागाहून जोडलेला नसतो. वेगळ्या रंगाचे काठ वेगळ्या धोट्यांनी विणत मधल्या अंगात गुंफत नेतात, त्याला कडियाल म्हणतात.

"तुमच्या घरात किती पैठण्या?" जाऊबाईंनी सहज विचारलं.

"एकच. सासूबाईंची," त्या म्हणाल्या. "आम्ही विणतो ती विकायलाच, ताई." आणि मान खाली घालून पुन्हा धागे मोजू लागल्या.

नंतर एका दुकानात गेलो. विक्रेत्यानं सुरेख मोरपदराची साडी पुढ्यात टाकली. "हातमागाची, अस्सल," म्हणाला. किंमत बरोबर आमच्या कनवटीच्या रकमेएवढी! रंग धूपछाव, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे उजेडात फिरवली की झळाळी बदलत होती. जाऊबाई भुलल्याच. मी पदर उलटा केला. मागे मोराच्या पाठीवरून कमळापर्यंत सुटे धागे ओढत गेलेले आणि बरेचसे कातरलेले. अस्सल पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंग आपापल्या जागी परत फिरलेला असतो. मागे असे लोंबते धागे दिसले की ती यंत्रमागाची, नाहीतर दुसऱ्याच विणीची. मी विचारल्यावर विक्रेता हसून म्हणाला, "नेसल्यावर उलटी बाजू कोण बघतं, ताई?"

यंत्रमागाची साडी घेणं पाप नव्हे, हेही सांगते. रोजच्या हळदीकुंकवाला ती छानच. पण ती तशी सांगून, तिच्या किमतीला मिळावी. हातमागाचे पैसे मोजून यंत्रमागाची साडी घेतली की आपण तर फसतोच, शिवाय मागावरच्या त्या बाईचे महिने कवडीमोल होतात.

आम्ही केंद्राच्या बाजूला परतलो. ठरलेल्या रकमेत मोरांचा भरगच्च पदर बसत नव्हता. नारळी काठाची, लहान पदराची, डाळिंबी रंगाची साडी बसत होती. जाऊबाईंनी सवयीनं घासाघीस सुरू केली, "दोन हजार कमी करा." मी त्यांचा हात दाबला. सकाळी पाहिलेला माग त्यांनाही आठवला असावा, कारण त्या गप्प झाल्या आणि पूर्ण रक्कम मोजली. घरी आल्यावर सासूबाईंनी साडी हातात घेतली आणि काही न बोलता आधी पदर उलटून पाहिला! "आमच्या वेळी येवल्याला हेच बघायचो," म्हणाल्या. येवल्याचे कारागीर मुळात पैठणहूनच नेलेले, सतराव्या शतकात. तेव्हा येवल्याची की पैठणची हा वाद मला फोल वाटतो. हाताची की यंत्राची, एवढंच विचारा.

आणखी थोडं सांगून ठेवते. बिलावर 'हातमाग' आणि जरीचा प्रकार लिहून घ्या. चांदीची जर आणि तांब्यावर मुलामा दिलेली जर यांत किमतीचा मोठा फरक असतो. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क आहे का पाहा. रेशमाची शंका आली तर कडेचा सुटा धागा मागून घ्या आणि जाळून बघा. खरं रेशीम केस जळाल्यासारखं वासतं आणि राख चुरगळते. घरी साडी मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवर ती तुटते. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते.

खाण्याचं म्हणाल तर पैठणला पंचपक्वान्नांची अपेक्षा ठेवू नका. धरणाजवळ नाथसागरातली ताजी मासळी तळून मिळते. आम्ही दोघी शाकाहारी, त्यामुळे वासावरच भागवलं. तालुक्यातलं पाचोड मोसंबीसाठी नावाजलेलं, ती पिशवीभर आणली. पण लक्षात राहिली ती एका ओळखीच्या घरी जेवलेली येसर आमटी. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला ही हवीच. मी कृती विचारून घेतली, ती अशी:

बाजरी आणि गहू प्रत्येकी अर्धी वाटी, हरभऱ्याची डाळ पाव वाटी, हे वेगवेगळं खमंग भाजावं. दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र, थोडं दगडफूल आणि सुक्या खोबऱ्याचा किस हेही भाजून सगळं एकत्र बारीक दळावं. हे झालं येसर. डब्यात महिनाभर सहज टिकतं. आमटी करताना तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हळद आणि लाल तिखट घालून चार वाट्या पाणी ओतावं. दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून मगच घालावं, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ घालून सतत ढवळत चांगली उकळी आणावी. ही आमटी निवताना घट्ट होते, म्हणून आधी पातळच ठेवा, आणि वाढताना ज्वारीची भाकरी गरम असू द्या.