चाळीस गळे, चाळीस चाली

भजनात आपण सगळ्याजणी एकच चाल धरतो. सोळाव्या शतकात युरोपातल्या चर्चमध्ये निराळी रीत होती. चार-पाच गट, प्रत्येकाची चाल वेगळी, तरी सगळ्या एकमेकींत गुंफलेल्या. इंग्लंडच्या थॉमस टॅलिस यांनी तर एका रचनेत ४० गळ्यांना ४० चाली दिल्या.

पुढे हे गाणं मागे पडलं. १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये पीटर फिलिप्स या तरुणानं ते गाण्यासाठी ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा गायकवृंद उभा केला. ते समोर उभे राहून हातानं लय दाखवतात. गाणारे बहुतेक वेळा दहाच, एकेका चालीला दोन गळे. वाद्य एकही नाही. एकानं आवाज चढवला तर शेजारची चाल बुडते, म्हणून एकमेकांचं ऐकतच गायचं. पूर्वी चर्चच्या गायकवृंदात उंच सुरांच्या चाली लहान मुलगे गात. या वृंदात त्या बायका गातात. १९८७ साली ‘ग्रामोफोन’ मासिकानं यांच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातली सर्वोत्तम ठरवलं.

त्या चाली कागदावर लिहिलेल्या होत्या, म्हणून चारशे वर्षांनीही गाता आल्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची चाल मात्र आजीच्या गळ्यातच आहे. ती आजच शिकून घेऊ या.