गटचर्चा आणि उमेदवाराची पारख

लखनौ शहराविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. दोन खानदानी गृहस्थ आगगाडीच्या डब्यापाशी उभे राहिले आणि 'पहले आप', 'पहले आप' असे म्हणत एकमेकांना वाट देऊ लागले. तेवढ्यात गाडी निघून गेली. गोष्ट थट्टेची आहे आणि लखनौकरही ती हसत हसत सांगतात. परंतु नोकरीसाठी उमेदवारांची निवड करण्याचे काम ज्याच्याकडे आले आहे, त्याला तिच्यातून एक अवघड प्रश्न सुचतो. हे दोघे गृहस्थ आजच्या गटचर्चेस बसले असते, तर त्यांना फारसे गुण मिळाले नसते, हे उघड आहे. मग त्या दोघांना कोपराने बाजूस सारून ज्याने डब्यात जागा पटकावली असती, त्याला पूर्ण गुण द्यावेत काय?

गटचर्चेची पद्धत दिसण्यात साधी आहे. आठ-दहा उमेदवारांना एकत्र बसवायचे आणि एखादा विषय द्यायचा. अध्यक्ष नेमायचा नाही; कोणी आधी बोलावे, किती बोलावे, हेही ठरवून द्यायचे नाही. परीक्षकांनी बाजूस बसून पंधरा-वीस मिनिटे केवळ पाहावयाचे व ऐकावयाचे. यामागील कल्पना अशी, की मुलाखतीत मनुष्य वरिष्ठांपुढे कसा वागतो एवढेच कळते. परंतु कचेरीत काय किंवा पलटणीत काय, पुष्कळसे काम बरोबरीच्या माणसांत राहून करावे लागते. तेथे तो कसा वागेल, हे त्याला बरोबरीच्या माणसांत बसवूनच पाहिले पाहिजे.

या पद्धतीचा उगम लष्करात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी फार मोठ्या संख्येने हवे होते, आणि घराणे व शाळा पाहून निवड करण्याची जुनी रीत अपुरी पडू लागली. तेव्हा १९४२ साली नवी निवड मंडळे स्थापन झाली. विल्फ्रेड बायन या मनोवैद्याने तेथे नेता न नेमलेल्या गटाला काम देऊन त्याचे निरीक्षण करण्याची रीत रुजविली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, डेहराडून येथे हिंदुस्थानातील प्रायोगिक मंडळ सुरू झाले. आज आपल्या सेनादलांसाठी अधिकारी निवडणारी मंडळे त्याच परंपरेतील होत. त्यांपैकी लखनौला जवळचे केंद्र प्रयागराज येथे आहे.

या मंडळांत गटचर्चेला कोणते स्थान दिले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील परीक्षा सुमारे पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी असे तिघे जण उमेदवाराची स्वतंत्रपणे पारख करतात आणि अखेरच्या बैठकीतच आपापली मते एकत्र आणतात. 'मनसा, वाचा, कर्मणा' या आपल्या जुन्या त्रयीनेच तेथे या तीन अंगांचे वर्णन करतात. गंमत अशी, की गटचर्चा ही बोलण्याची परीक्षा असूनही ती 'वाचा' या सदरात मोडत नाही, तर 'कर्मणा' या सदरात मोडते. चर्चेत जो उमेदवार दिसला, तोच पुढे मैदानावर दोर, फळ्या आणि ओंडके घेऊन सोबत्यांसह अडथळा ओलांडताना दिसतो. बोलण्यातील पुढाकार कृतीत उतरतो की नाही, याचा पडताळा तेथल्या तेथे मिळतो.

पुढे ही पद्धत व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांनी, बँकांनी आणि खासगी कंपन्यांनी उचलली. परंतु बहुतेक ठिकाणी पाच दिवसांतील केवळ ती पंधरा-वीस मिनिटेच उचलली. मैदान गेले, पडताळा गेला, उरले ते बोलणे. १९५० च्या सुमारास बर्नार्ड बास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा चर्चांचा अभ्यास केला. जो अधिक वेळ बोलतो त्यालाच पाहणारे नेता मानतात, असे त्याला आढळले. म्हणजे परीक्षकाला वाटते की आपण नेतृत्व मोजतो आहोत, आणि पुष्कळदा तो मोजीत असतो केवळ बोलण्याचा अवधी. व्यवस्थापन संस्थांपैकी अनेकांनी पुढे गटचर्चा सोडून लेखी निबंधाची कसोटी स्वीकारली, ती उगाच नव्हे.

या दोषाचा अनुभव मला स्वतःला आला आहे. काही वर्षांपूर्वी लखनौत एका निवड मंडळावर मी होतो. विषय ग्रामीण पाणीपुरवठ्याचा होता आणि चर्चा इंग्रजीत चालली होती. बुंदेलखंडातील एका खेड्यातून आलेला तरुण वीस मिनिटांत दोनदाच बोलला. त्यातील एकदा त्याने विचारले, की ज्या गावात वीज रात्रीच येते, तेथे पंप चालवायला जागणार कोण आणि त्याला पगार देणार कोण? वाक्य अडखळत आले आणि कोणी त्याला उत्तर दिले नाही. परंतु थोड्याच वेळाने दोघा सफाईदार वक्त्यांनी तोच मुद्दा उचलला आणि चर्चेचा सगळा शेवट त्यावर झाला. मी त्या तरुणापुढे 'अल्पभाषी, पुढाकार नाही' असा शेरा लिहिला. सायंकाळी टिपणे चाळताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. पण तोवर गुणपत्रक सहीनिशी बंद होऊन गेले होते. निवडीच्या यादीत त्याचे नाव आले नाही.

तेव्हा गटचर्चा टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. माणसांत मिळून काम करण्याची पात्रता लेखी परीक्षेने कळत नाही, ही अडचण कायमच आहे. मात्र परीक्षकांनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली पाहिजेत. शेरा लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष काय घडले ते टिपावे: कोणता मुद्दा कोणी प्रथम मांडला, दुसऱ्याचे म्हणणे कोणी पुढे नेले, गप्प बसलेल्यास कोणी बोलते केले. दोन परीक्षकांनी आपले गुण परस्परांशी न बोलता द्यावेत. कामाला इंग्रजीची गरज नसेल, तर उमेदवाराला आपल्या भाषेत बोलू द्यावे. आणि या कसोटीचे वजन मर्यादित ठेवावे. १९८१ साली अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशासंबंधी असे म्हटले, की एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण तोंडी मुलाखतीस ठेवणे अवाजवी आहे. तेथे मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्याची तक्रार होती. मुलाखतीला लागू असलेले हे तारतम्य गटचर्चेलाही लागू असावयास हवे.

उमेदवारांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चर्चेत वागणे हे शिकता येते. लष्करी अधिकाऱ्यांत मराठी मुलांची संख्या वाढावी म्हणून महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. ती याच विश्वासावर चालत आली आहे. खेड्यातला मुलगा बुजरा असतो, तो बुद्धीने कमी असतो म्हणून नव्हे, तर चारचौघांत आपले मत मांडण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नसतो म्हणून. शाळेत आठवड्यातून एक तास जरी अशा चर्चेला मिळाला, तरी ही उणीव पुष्कळ भरून निघेल.

शेवटी पुन्हा त्या लखनौच्या स्टेशनावर जाऊ. 'पहले आप' म्हणणाऱ्यांची गाडी चुकली, आणि धक्का देऊन चढणाऱ्याला जागा मिळाली असती. परंतु शिट्टी ऐकून ज्याने त्या दोघांना हाताला धरून आत घेतले असते आणि मग स्वतः चढला असता, असा तिसरा गृहस्थ त्या गोष्टीत नाही. आपल्या कचेऱ्यांना हवा आहे तो हा तिसरा गृहस्थ. गटचर्चा घेणाऱ्याने डोळे आणि कान उघडे ठेवावयाचे, ते त्याला ओळखण्यासाठी.