तांत्रिक लेखनातील क्रियापद : मराठी सूचनागद्याचा एक विचार

मराठीतील तांत्रिक लेखनाची चर्चा निघाली की ती बहुधा परिभाषेपाशी येऊन थांबते. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६२ साली पदनाम कोश आणि १९७३ साली शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला, त्यांच्या जोडीने निरनिराळ्या विद्याशाखांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. ही परंपरा मागे नेत गेल्यास शिवकालीन राजव्यवहारकोशापर्यंत पोहोचते. हे सारे प्रयत्न प्रामुख्याने नामांचे आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘झडप’ म्हणावे की ‘व्हॉल्व्ह’, हा प्रश्न सहसा पडत नाही. तो व्हॉल्व्हच म्हणतो आणि त्याचे काम चालते. आधी काय करायचे, मग काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, येथे तो अडतो. हे तिन्ही प्रश्न क्रियापदाचे आहेत आणि मराठीच्या अभ्यासात त्यांची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

तांत्रिक लेखन ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजली आहे. शास्त्र समजावून सांगणारे गद्य आणि वाचून हाताने कृती करावी यासाठी लिहिलेले गद्य यांत फरक करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात वाचकाचा गैरसमज झाला तर तो पुन्हा वाचतो. दुसऱ्या प्रकारात गैरसमज कळेपर्यंत कृती होऊन गेलेली असते. यंत्राची वापरपुस्तिका, औषधाबरोबरचे पत्रक, कारखान्यातील सूचनाफलक, पाककृती ही या दुसऱ्या प्रकाराची रूपे होत. त्याला सूचनागद्य म्हणता येईल.

सूचना देण्यासाठी मराठीत मुख्यतः दोन रूपे उपलब्ध आहेत : आज्ञार्थ आणि विध्यर्थ. ‘कांदा चिरा’ आणि ‘कांदा चिरावा’. पाककृतींच्या लेखनात विध्यर्थाने दीर्घकाळ ठाण मांडले आहे, आणि त्याला सभ्यतेपलीकडचे एक कारण आहे. विध्यर्थी रूप कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. ‘पंपाची नळी सोडवून स्वच्छ करा’ या वाक्यात पंप स्वच्छ करायचा की नळी, याचा उलगडा होत नाही. ‘स्वच्छ करावी’ म्हटले की नळी ठरते, ‘स्वच्छ करावा’ म्हटले की पंप ठरतो. इंग्रजीत जे काम नाम पुन्हा लिहून करावे लागते, ते मराठीत क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराने होते. अनुवादित पुस्तिकांतून सरसकट आज्ञार्थ आला तेव्हा ही सोय नकळत हातची गेली.

परंतु विध्यर्थाला दुसरी बाजूही आहे. ‘करावे’ या रूपात कर्तव्य, इच्छा, सल्ला आणि मुभा या सर्व छटा नांदतात. ‘आवडत असल्यास कोथिंबीर घालावी’ आणि ‘फवारणीपूर्वी हातमोजे घालावेत’ या दोन वाक्यांतील क्रियापद व्याकरणदृष्ट्या सारखेच आहे. पहिल्या वाक्याची सवय झालेला वाचक दुसरेही ऐच्छिक समजला, तर दोष त्याच्या वाचनाकडे जात नाही. जेथे चूक झाल्यास इजा होणार आहे, तेथे ‘हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका’ असा निषेधच हवा. त्यात ‘उघडू नये’ आणि ‘उघडू नका’ यांतले अंतरही ध्यानात घ्यावे लागते : पहिले नीतिवचनासारखे ऐकू येते, दुसरे समोर उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून असते. कार्यालयीन मराठीने रूढ केलेले ‘करण्यात यावे’ हे तर सर्वांत निरुपयोगी रूप म्हणावे लागेल. ते कोणालाच उद्देशून नसते.

क्रमाचा प्रश्न याहून गंभीर आहे. मराठी वाक्यात गौण वाक्यांश आधी आणि मुख्य क्रियापद शेवटी येते. त्यामुळे आधीची कृती आधी व नंतरची नंतर असा क्रम सहज साधतो. ‘टाकी धुऊन, पाणी भरून, झाकण लावून पंप सुरू करावा’. कृतीचा क्रम आणि शब्दांचा क्रम येथे एकच आहे. मात्र हाच ‘ऊन’ चार-पाच वेळा आला की पान्हा हातात धरून वाचणाऱ्याची जागा चुकते, कारण वाक्य संपेपर्यंत त्याला थांबा मिळत नाही. उलट इंग्रजीतून येणाऱ्या वाक्यांत ‘पूर्वी’ या शब्दाचा सुळसुळाट असतो. ‘पंखा उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा’ हे वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात नंतर करायची कृती आधी येते. अडखळत वाचणारा किंवा दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस ‘पंखा उघड…’ एवढे ऐकताच हात पुढे करतो. ‘आधी वीज बंद करा. मगच पंखा उघडा.’ या दोन वाक्यांना अलंकार नाही, डौल नाही. पण ती कृतीच्या मागोमाग चालतात.

मराठीच्या इतिहासात ही जाण नव्हती असे नाही. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, तेव्हा व्यावहारिक भूमितीला ‘कर्तव्य भूमिती’ असे नाव योजले गेले. ‘करावयाची भूमिती’ असा त्याचा सरळ अर्थ. विषयाच्या नावातच विध्यर्थ ठेवणारी ही योजना पुढच्या अनेक परिभाषा समित्यांना सुचली नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. १८५० साली मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ आली. निबंधाच्या सौष्ठवासाठी विरामचिन्हांचे महत्त्व सांगितले जाते. सूचनागद्यात पूर्णविराम म्हणजे ‘येथे थांबा, हे करा, मग पुढे वाचा’ असा आदेशच असतो. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ साली मराठी वर्ग सुरू झाला आणि नारायण दाजी, सखाराम अर्जुन यांसारख्या अध्यापकांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. या लेखकांना आपला वाचक डोळ्यांसमोर दिसत होता, तो वर्गातच बसलेला होता. चॉसरने १३९१ साली ॲस्ट्रोलॅब या वेधयंत्रावरील आपला ग्रंथ दहा वर्षांच्या ल्यूइसला उद्देशून लिहिला, आणि मुलाचे लॅटिन बेताचे असल्याने तो इंग्रजीत लिहिला. कवीने लिहिलेल्या या यंत्रपुस्तिकेची आठवण साहित्याच्या विद्यार्थ्याने ठेवण्यासारखी आहे. सूचनागद्याची सुरुवात वाचक ठरवण्यापासून होते.

तो वाचक आज कोठे आहे, हे पाहण्यासाठी शिरूर तालुक्यातील केंदूरचा परिसर उपयोगी ठरतो. मराठीच्या अभ्यासकांना केंदूर परिचित आहे ते संतकवी कान्हो पाठकांमुळे. भूगोलाच्या दृष्टीने पाहता या गावाच्या एका अंगाला पाबळ आहे, दुसरीकडे शिक्रापूर, सणसवाडी आणि त्यापलीकडे रांजणगाव असा कारखानी पट्टा आहे. अवर्षणप्रवण शेती आणि औद्योगिक वसाहत यांच्या मधल्या अशा गावात एकाच घरातील एक भाऊ कांद्यावर फवारणी करतो आणि दुसरा पाळीवर यंत्र चालवतो, हे चित्र नवलाचे नाही. दोघांच्याही हाती पडणारे लिखाण मुळात अन्यत्र, अन्य भाषेत लिहिलेले असते.

या परिसरात तांत्रिक भाषेचा एक वेगळा प्रयोग झाला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलामुलींना करत करत शिकवावे, ही त्यामागची भूमिका. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे शिकणारे विद्यार्थी गावाला प्रत्यक्ष सेवा देत. त्याच धर्तीवरचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांतही गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे त्याचे विभाग. २००३ साली कलबाग यांचे निधन झाले, त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली होती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या प्रयोगातून घेण्याजोगे एक सूत्र आहे. तेथे रेखाचित्र आणि खर्चाचा हिशेब हे कामाचेच भाग मानले गेले. म्हणजे लिहिणे, मोजणे, आखणे हे कृतीच्या आत आले. ज्याने स्वतः लोखंड कापले आहे तो ‘योग्य लांबीचा तुकडा घ्यावा’ असे लिहीत नाही. तो लांबी लिहितो. ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘आवश्यकतेनुसार’ ही विशेषणे मराठी सूचनागद्यातील पळवाटा आहेत. जो निर्णय लेखकाने घ्यायचा, तो ती वाचकावर ढकलतात. पाककृतीतले ‘चवीपुरते मीठ’ चालते, कारण चव वाचकाच्या जिभेवर असते. कीटकनाशकाची मात्रा जिभेने ठरत नाही.

या शेवटच्या उदाहरणापाशी थोडे थांबणे भाग आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावरील लेबल आणि सोबतचे पत्रक हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत द्यावे लागते. विषबाधेची लक्षणे, घ्यावयाची काळजी, उतारा, रिकाम्या डब्याची विल्हेवाट हे सर्व पत्रकात असावे लागते. डब्यावरील तिरक्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात विषारीपणाचा रंग असतो : सर्वाधिक तीव्रतेला लाल, मग पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी तीव्रतेला हिरवा. व्यवस्था कागदावर परिपूर्ण दिसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेची कारणे अनेक होती. ती भाषेवर लोटणे अतिसुलभीकरण ठरेल. तरीही भाषेने काय करायला हवे होते, हा प्रश्न उरतोच.

अनेक भाषा एका घडीच्या पत्रकात बसवताना टंक बारीक होतो. पत्रक डब्याबरोबर मालकाच्या घरी राहते. पंप पाठीवर घेणारा मजूर ते पाहतही नाही. हिरवा रंग सिग्नलवर ‘जा’ असे सांगतो, डब्यावर ‘कमी विषारी’ असे. या दोन अर्थांची गल्लत होण्यास पुरेपूर वाव आहे. पिवळा निळ्यापेक्षा अधिक घातक, हे तर कोणत्याही लोकव्यवहारातून उमगणारे नाही. ‘संरक्षक वस्त्रांचा वापर करण्यात यावा’ या वळणाचे वाक्य वाचून दाखवले तरी ऐकणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. ‘वारा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड करून फवारू नका’ हे वाक्य मात्र बांधावरून ओरडून सांगता येते. सूचनेचे मराठी तोंडी सांगता येते की नाही, ही साधी कसोटी लावली तरी पुष्कळ पत्रके पुन्हा लिहावी लागतील.

ती कोणी लिहायची, हा व्यवसायाचा प्रश्न आहे. १९४९ साली बायनॅक या संगणकाची वापरपुस्तिका लिहिणाऱ्या जोसेफ चॅपलिन यांचे नाव अमेरिकेतील तांत्रिक लेखनाच्या इतिहासात घेतले जाते. त्या देशात दुसऱ्या महायुद्धानंतर हा स्वतंत्र पेशा झाला, आणि भारतातही संगणक उद्योगाने इंग्रजीत लिहिणाऱ्या तांत्रिक लेखकांची पदे निर्माण केली. मराठीत मात्र हे काम ‘भाषांतर’ या नावाखाली, बहुधा शब्दांवर मोल ठरवून दिले जाते. शब्दांवर मोल ठरले की वाक्य आखूड करणाऱ्याचे नुकसान होते. अनुवादकाला यंत्र दाखवले जात नाही, त्याचे नाव छापले जात नाही आणि वाचक कोठे अडला हे त्याच्यापर्यंत परत येत नाही. अलीकडे यंत्रानुवादाने पहिला खर्डा तयार होतो आणि अनुवादकाकडे केवळ डागडुजी येते. ‘पूर्वी’चे उलटे वाक्य तेथे व्याकरणशुद्ध असल्याने सहीसलामत सुटते.

विद्यापीठांच्या व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकांत अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी यांना स्थान आहे. वापरपुस्तिका अभावानेच आढळते. तिचा अंतर्भाव करायचा तर मूल्यमापनाची रीतही बदलावी लागेल. विद्यार्थ्याने सायकलचे पंक्चर काढण्याची किंवा पाठीवरचा फवारणी पंप धुण्याची सूचना लिहावी. ते काम कधी न केलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने ती वाचत कृती करावी. परीक्षकाने कृती करणाऱ्याचा हात कोठे थबकला तेवढ्याच जागा टिपाव्यात आणि गुण लिहिणाऱ्याच्या नावावर मांडावेत. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बादली, एक पान्हा आणि विभागाच्या आवारातील मोकळी जागा पुरते.