कटिशूल व पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रिया

कटिशूल : (कंबरदुखी). शेवटची बरगडी आणि नितंबाखालची घडी यांच्या दरम्यान पाठीत जाणवणाऱ्या वेदनेला कटिशूल म्हणतात. कटिशूल हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सु. ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता. बहुसंख्य रुग्णांत वेदना काही आठवड्यांत ओसरते, काही रुग्णांत ती पायात उतरते आणि थोड्याच रुग्णांत शस्त्रक्रियेने दूर करता येण्यासारखे कारण सापडते. म्हणून उपचारांची निवड वेदनेच्या तीव्रतेपेक्षा तिच्या कारणावर अधिक अवलंबून असते.

रचना : पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १२ व कंबरेचे ५ सुटे मणके असून त्यांखाली सांधलेल्या मणक्यांची त्रिकास्थी व माकडहाड असते. लगतच्या दोन मणक्यांमध्ये चकती असते. तिच्या बाहेरच्या बाजूस चिवट तंतुमय वलय व आत पाणीदार, मऊ गर असतो. मणक्यांच्या मागील कमानींमुळे बनलेल्या नलिकेत मेरुरज्जू असतो. प्रौढांत तो सामान्यपणे कंबरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) झुपका असतो, त्यास अश्वपुच्छ म्हणतात. कण्याच्या शस्त्रक्रियेने ‘पाय जातात’ अशी भीती अनेकांच्या मनात असते. तथापि कंबरेतील चकतीचा विकार बहुतेक वेळा शेवटच्या दोन चकत्यांमध्ये, म्हणजे मेरुरज्जूच्या टोकाच्या बऱ्याच खाली होतो. तेथे एखाद्या तंत्रिकेस इजा होणे शक्य असले, तरी दोन्ही पाय लुळे पडण्याचा प्रसंग विरळा असतो.

कारणे : अवजड वस्तू उचलताना कंबरेत उसण भरते, तेव्हा स्नायू, बंध, लहान सांधे व चकती यांपैकी नेमके काय दुखावले हे बहुधा सांगता येत नाही. अशा वेदनेस अविशिष्ट कटिशूल म्हणतात आणि बहुसंख्य रुग्ण याच गटात मोडतात. चकतीचे वलय फाटून आतील गर बाहेर आला व त्याने तंत्रिकेच्या मुळावर दाब आणला, तर नितंबापासून पोटरी वा पावलापर्यंत कळ जाते. हीच आयुर्वेदातील वातविकारांत गणलेली गृध्रसी होय. उतारवयात कण्याची नलिका अरुंद झाल्यास थोडे चालताच पाय भरून येतात आणि खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम वाटतो. मणका जागेवरून पुढे सरकणे, अस्थी विरळ होऊन मणका दबणे, क्षयरोग, इतर जंतुसंसर्ग व अन्य अवयवांतून पसरलेला कर्करोग ही आणखी कारणे होत.

‘मणक्यात गॅप पडली’ हा लोकांत रूढ असलेला शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. वयानुसार चकतीतील पाण्याचा अंश घटतो व तिची उंची कमी होते, त्यामुळे मणक्यांमधील अंतर प्रत्यक्षात कमी होते. केस पिकण्याप्रमाणे हा बदल वयाबरोबर बहुतेकांत होतो आणि केवळ त्यावरून वेदनेचे कारण ठरत नाही.

निदान : रुग्णाची हकिकत व शारीरिक तपासणी यांना प्राधान्य असते. रुग्णास उताणे निजवून गुडघा न वाकवता पाय उचलला असता पायातून कळ गेल्यास तंत्रिकेवर दाब असल्याचा संशय येतो. पावलाची शक्ती, त्वचेची संवेदना व प्रतिक्षेपी क्रिया तपासून कोणती तंत्रिका दबली आहे, हे ठरविता येते.

एमआरआय या नावाने परिचित असलेल्या चुंबकीय प्रतिमादर्शनात चकती व तंत्रिका स्पष्ट दिसतात. परंतु पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची अशी तपासणी अमेरिकेत करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आणि २७ टक्के व्यक्तींत चकतीचा भाग बाहेर डोकावणारा आढळला (१९९४). म्हणून प्रतिमेतील दोष आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे युक्त नव्हे.

काही लक्षणे मात्र धोकासूचक असतात. मूत्र वा मल यांवरील ताबा सुटणे, लघवी अडणे, बैठकीच्या भागास बधिरता येणे आणि दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही अश्वपुच्छावरील दाबाची लक्षणे असून अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. विलंब झाल्यास मूत्राशयाची हानी कायमची राहू शकते. ताप, घटणारे वजन, रात्री जागविणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग असल्यास क्षय व अर्बुद (गाठ) यांचा शोध घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेविना उपचार : पूर्वी रुग्णास कित्येक आठवडे फळीवर निजवून ठेवीत. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन दिवस विश्रांती घेतलेले रुग्ण सात दिवस विश्रांती घेतलेल्यांइतकेच बरे झाले आणि त्यांचे कामाचे दिवसही कमी बुडाले. फिनलंडमधील १९९५ च्या चाचणीत तर झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणाऱ्यांची प्रगती अधिक चांगली आढळली. शेक व वैद्याच्या सल्ल्याने थोडे दिवस घेतलेली शोथरोधक (सूज कमी करणारी) औषधे यांनी आराम पडतो. मात्र जठरव्रण व वृक्कविकार असलेल्यांनी ही औषधे जपून घ्यावीत. वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास नियमित व्यायाम, विकाराची नीट समजूत आणि मानसिक ताणावरील उपचार यांवर भर देतात. अशा जुनाट, विशिष्ट कारण नसलेल्या कटिशूलात कमरपट्टा व वजन लावून कणा ताणणे हे उपाय नित्य वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

गृध्रसीतही घाई सहसा आवश्यक नसते. बाहेर आलेला गर शरीरातील कोशिका हळूहळू शोषून घेतात व तो आक्रसतो, त्यामुळे अनेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात.

शस्त्रक्रियेचा विकास : इटालियन वैद्य दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये गृध्रसीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८७ मध्ये कण्याच्या नलिकेतील अर्बुद यशस्वीपणे काढले. न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी व रसेल हिब्ज यांनी १९११ मध्ये मणके एकमेकांस सांधण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. त्यांचा आरंभीचा उपयोग मुख्यत्वे कण्याच्या क्षयरोगात झाला. बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये, तोवर अर्बुदे समजली जाणारी अनेक ऊतके वस्तुतः चकतीचे बाहेर आलेले तुकडे असल्याचे दाखवून दिले आणि चकतीच्या शस्त्रक्रियेस शास्त्रीय पाया मिळाला. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदातून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९७७ पासून रूढ होऊ लागली.

कण्याच्या क्षयरोगात सरसकट शस्त्रक्रिया करण्याऐवजी औषधांवर भर द्यावा आणि दाबाची लक्षणे न हटल्यास वा अन्य निश्चित कारण असल्यासच शस्त्रक्रिया करावी, असा ‘मध्यममार्ग’ वाराणसी येथील सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये मांडला. भारतासारख्या देशात तो विशेष उपयुक्त ठरला.

शस्त्रक्रियेचे प्रकार व फलित : तंत्रिकेवर दाब आणणारा चकतीचा तुकडा काढणे, अरुंद नलिका मोकळी करण्यासाठी कमानीचा भाग काढणे आणि अस्थिर मणके अस्थिरोपण व धातूचे स्क्रू यांनी सांधणे हे मुख्य प्रकार होत. पहिल्या दोहोंत पायातील वेदना कमी करणे हा हेतू असतो. कंबरेचे दुखणे त्याने जाईलच असे नाही.

नॉर्वेमध्ये हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती सरस होती. चौथ्या वर्षी मात्र दोन्ही गटांतील फरक लक्षणीय राहिला नव्हता. नेदर्लंड्समधील २८३ रुग्णांच्या चाचणीतही (२००७) लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सु. ९५ टक्के रुग्ण सुधारले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना मात्र दरम्यान शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. यावरून असह्य वेदना, आठवडे उलटूनही न हटणारी गृध्रसी किंवा वाढता अशक्तपणा असेल, तर शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. सहन होण्याजोग्या वेदनेत थांबण्याने सहसा नुकसान होत नाही. केवळ कंबरदुखीसाठी मणके सांधण्याचा लाभ अनिश्चित आहे. ३४९ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत (२००५) तो नियोजनबद्ध, कसून दिलेल्या व्यायामोपचारापेक्षा स्पष्टपणे अधिक आढळला नाही.

जंतुसंसर्ग, मेरुद्रव गळणे, तंत्रिकेस इजा, चकतीचा तुकडा पुन्हा बाहेर येणे व सांधलेली अस्थी न जुळणे हे संभाव्य धोके आहेत. धूम्रपानामुळे अस्थी जुळण्यास अडथळा येतो. म्हणून शस्त्रक्रिया कोणत्या लक्षणासाठी आहे, ती न केल्यास काय होईल आणि तिने कोणता त्रास उरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णास आधी मिळावयास हवीत. तातडीचे कारण नसल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास पुरेसा अवधी असतो.

प्रतिबंध : नियमित व्यायाम हा ज्ञात उपायांपैकी सर्वांत उपयुक्त होय. वजन उचलताना ते शरीराजवळ धरणे, एकाच स्थितीत फार वेळ न बसणे आणि दुखणे ओसरल्यावरही व्यायाम चालू ठेवणे हितावह असते.