थांबायचे केव्हा, हे ठरवायचे कोणी?

इव्हांडर होलिफिल्डने हेविवेट गटाचे जगज्जेतेपद चार वेळा पटकाविले. असा पराक्रम करणारा तो पहिलाच मुष्टियोद्धा. मात्र नोव्हेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लॅरी डोनाल्डने त्याला बाराही फेऱ्या अक्षरशः खेळविले. होलिफिल्ड तेव्हा ४२ वर्षांचा होता आणि त्याचा हा सलग तिसरा पराभव होता. न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने कौशल्य घटल्याचे कारण देत त्याला लढण्यास मनाई केली.

तरीही तो थांबला नाही. अमेरिकेत व्यावसायिक मुष्टियुद्धाचे परवाने प्रत्येक राज्य आपापले देते. एका दारावर नकार मिळाला, तर दुसरे दार ठोठावता येते. ऑगस्ट २००६ मध्ये होलिफिल्ड टेक्सासमधील डॅलस येथे पुन्हा रिंगणात उतरला. पुढे २००७ मध्ये मॉस्कोत सुलतान इब्रागिमोव्हकडून तो हरला. डिसेंबर २००८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, झुरिचमध्ये निकोलाय व्हॅल्युएव्हविरुद्धचा निकालही त्याच्या विरोधात गेला; पण तो निकाल अनेकांना पटला नाही. होलिफिल्डचा हट्ट निव्वळ वेडेपणाचा नव्हता, हेही म्हणूनच मान्य करावे लागते.

या हट्टामागे जॉर्ज फोरमनचे उदाहरण होते. होलिफिल्डने १९९१ मध्ये ४२ वर्षांच्या फोरमनला गुणांवर हरविले होते. पुढे एप्रिल १९९४ मध्ये मायकेल मूररने होलिफिल्डचे जेतेपद हिरावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांच्या फोरमनने दहाव्या फेरीत मूररला आडवे केले. त्या ठोशापूर्वी फोरमन गुणांवर मागे होता, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. वय वाढले, तरी ठोशातील ताकद बराच काळ टिकते. आधी मंदावतात त्या प्रतिक्षिप्त क्रिया. समोरचा ठोसा दिसतो. पण डोके वेळेत बाजूला होत नाही.

खरा धोका येथेच आहे. प्रत्येक ठोशागणिक कवटीतील मेंदू हिसका खातो. ठोसे सरावातही बसतात आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मुष्टियोद्ध्यांमधील या मेंदूविकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच केले होते. त्याची लक्षणे अनेकदा निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी उमटतात. आजची तपासणी निर्दोष ठरली, तर त्याचा अर्थ फक्त आजपुरता असतो.

मुहम्मद अलीची कहाणी सर्वश्रुत आहे. त्याचे वैद्य फर्डी पचेको यांनी १९७७ मध्ये त्याची साथ सोडली. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबविली. त्यावेळी अली ३८ वर्षांचा होता. तरीही पुढील वर्षी तो बहामात लढला आणि हरला. त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान १९८४ मध्ये झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद राहिले. पण शेवटच्या त्या दोन लढती टाळता आल्या असत्या, याबद्दल फारसे दुमत नाही.

हौशी मुष्टियुद्धात वयाची मर्यादा ४० वर्षे आहे. याच नियमामुळे मेरी कोमसाठी त्या स्पर्धांची दारे बंद झाली. व्यावसायिक मुष्टियुद्धात अशी सरसकट मर्यादा नाही. तेथे वयापेक्षा नावावर खपणाऱ्या तिकिटांचा हिशेब आधी होतो. योद्ध्याची स्वतःची साक्ष तर सर्वांत कमी भरवशाची, कारण जिद्द हेच त्याचे भांडवल असते. त्यामुळे एका आयोगाने दिलेला नकार इतरांनीही पाळला, तरच त्याला अर्थ राहतो.

तसे होत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिटॉर बेलफोर्टशी लढणारा ऑस्कर डी ला होया कोरोनामुळे बाद झाला आणि त्याच्या जागी ५८ वर्षांच्या होलिफिल्डचे नाव पुढे आले. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने त्यास नकार देताच लढत फ्लोरिडात हलविण्यात आली. ती पहिल्याच फेरीत थांबवावी लागली.

नेवाडाने २०२५ मध्ये ४६ वर्षांच्या मॅनी पॅकियाओला परवाना दिला. चार वर्षांच्या निवृत्तीनंतर परतलेल्या पॅकियाओने जुलैमध्ये मारिओ बॅरिओसला बरोबरीत रोखले. किताब बॅरिओसकडेच राहिला आणि पॅकियाओने लगेच पुन्हा लढण्याची भाषा सुरू केली.