ऑर्किडला गांडूळखत नको, त्याचा अर्क द्या

गुलाब-जास्वंदीच्या कुंड्यांत गांडूळखताचा गुण दिसू लागला, की त्यातलीच एक मूठ ऑर्किडच्या कुंडीतही पडते. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र बहुतेकदा वाईट होतो. घरोघरी दिसणारी फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ही मुळात झाडांच्या सालीवर वाढणारी ऑर्किडे. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच खेळती हवा लागते, म्हणून तर आपण ती मातीत न लावता कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात लावतो. गांडूळखताचा बारीक, ओलावा धरून ठेवणारा चुरा या तुकड्यांमधल्या पोकळ्या भरून टाकतो, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. त्यामुळे गांडूळखत ऑर्किडला चालतच नाही, असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. घन खत चालत नाही, पण त्याच खताचा पाण्यात उतरवलेला विरळ अर्क या झाडांच्या घडणीला चांगलाच मानवतो. अट एकच: तो पूरक म्हणून वापरावा. पूर्ण आहार किंवा रोगावरचे औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

याचे कारण मुळांच्या रचनेत आहे. ऑर्किडच्या हवेतल्या मुळांवर मृत पेशींचे पांढरट, सच्छिद्र आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४० मध्ये जावातल्या निरीक्षणांवरून असे मांडले, की पाऊस सुरू होताच पाने आणि खोडे धुऊन येणारे पहिले पाणी पोषकद्रव्यांनी सर्वांत समृद्ध असते आणि व्हेलामेन नेमके तेच पकडून ठेवते. गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंक्लर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या कल्पनेला बळ दिले. आवरण काही सेकंदांत भिजते आणि विद्युतभारित क्षार धरून ठेवते, असे त्यांना आढळले. म्हणजे ऑर्किडची भूक जमिनीतल्या खताच्या थरासाठी घडलेलीच नाही. पालापाचोळा, साल आणि पक्ष्यांची विष्ठा यांतून ओघळणाऱ्या, अतिशय सौम्य द्रावणासाठी ती घडली आहे. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातले विद्राव्य क्षार आणि ह्युमिक आम्ले पाण्यात उतरवलेला गांडूळखताचा अर्क या द्रावणाच्या बराच जवळ जातो. जंगलात ऑर्किडला कोण खत घालते, हा नेहमीचा आक्षेपही इथेच गळून पडतो. जंगलात प्रत्येक सर त्याला थोडे थोडे खाऊ घालत असते. बाल्कनीतल्या कुंडीवर नळाच्या पाण्याखेरीज काहीच ओघळत नाही.

गांडूळखत आणि त्याचा अर्क रोग-किडींपासून संरक्षणही करतात, हा दावा अधिक मोठा आहे, म्हणून तो अधिक काटेकोरपणे तपासायला हवा. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स, नॉर्मन अरँकॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांडूळखतावर अनेक वर्षे काम केले. पिथियम आणि रायझोक्टोनिया या रोगकारकांमुळे होणारे रोपे कोलमडण्याचे व मुळे कुजण्याचे प्रमाण गांडूळखतामुळे घटते, पण तेच खत निर्जंतुक केले की हा गुण नाहीसा होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे रक्षण करतात ते खतातले जिवंत सूक्ष्मजीव. कॉर्नेल विद्यापीठातल्या काकडीवरच्या संशोधनातून पुढचा दुवा मिळाला. खतातले सूक्ष्मजीव काही तासांतच बियांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि पिथियमच्या पोहणाऱ्या बीजाणूंना संसर्ग करणे अवघड होऊन बसते. टोमॅटो आणि काकडीला अर्क दिल्यावर मावा, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांचा उपद्रव कमी झाल्याचेही एडवर्ड्स यांच्या गटाने नोंदवले आहे.

टोमॅटो-काकडीवरून ऑर्किडचा निष्कर्ष कसा काढायचा, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच दावा माफक ठेवायला हवा. तरीही शत्रू बरेचसे तेच आहेत. ऑर्किडच्या काळ्या कुजीमागे पिथियम आणि त्याचा भाऊबंद फायटोफ्थोरा असतो, आणि पिठ्या ढेकूण तर ऑर्किड जोपासणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा. निरोगी मुळांवर उपयुक्त सूक्ष्मजीव आधीच वस्तीला असतील, तर रोगकारकाला जागा कमी मिळते, हे तत्त्व पीक बदलल्याने बदलत नाही. मात्र यातून मिळते ती प्रतिबंधाची शक्यता, उपचार नव्हे. कूज सुरू झाली असेल, तर निर्जंतुक पात्याने रोगट भाग कापणे, झाड वेगळे ठेवणे आणि पाणी आवरणे यांना पर्याय नाही. सिम्बिडियम मोझाइकसारख्या विषाणूवर तर कोणताच अर्क चालत नाही.

अर्कातून पुरेसे पोषण मिळत नाही, हा आक्षेप आकड्यांनी तपासता येतो. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम घातले, तर त्यातून सुमारे ९५ मिलिग्रॅम नत्र मिळते. गांडूळखतात कोरड्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के नत्र असते आणि त्यातले बरेचसे सेंद्रिय रूपात अडकलेले असते, त्यामुळे विरळ अर्कातून मुळांना लगेच मिळणारा वाटा बराच कमी पडतो. केवळ अर्कावर वाढवलेले फॅलेनॉप्सिस उपाशी राहू शकते. तेव्हा वाढीच्या काळात एका आठवड्याला सौम्य विद्राव्य खत आणि पुढच्या आठवड्याला अर्क, ही वाटणी समंजस ठरते.

चौथी शंका स्वच्छतेची, आणि ती गंभीर आहे. खतात उपकारक जीव वाढतात, तसे अपायकारकही वाढू शकतात. म्हणून अर्कासाठी पूर्ण तयार झालेले, मातीचा वास येणारे खतच घ्यावे. गांडुळांच्या डब्याच्या तळाशी साचणारे काळे पाणी वापरू नये, कारण त्यात अर्धवट कुजलेले पदार्थ असतात. जीवामृताच्या सवयीने यात गूळ घालण्याचा मोहही टाळावा. साखरयुक्त द्रव्य घातल्यास ई. कोलायसारखे जीवाणू कंपोस्टच्या अर्कात वाढू शकतात, हे अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी दाखवले आहे. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून काही तास ठेवावे, दाट कापडातून गाळावे, फिक्या चहाच्या रंगावर येईपर्यंत आणखी पाणी घालावे आणि त्याच दिवशी संपवावे. दुर्गंधी आली तर ते फेकून द्यावे. अर्क सकाळी, कोरड्या मुळांवर द्यावा. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यातल्या खोबणीत तो साचू देऊ नये, कारण तिथे साचलेले कोणतेही पाणी कुजीला आमंत्रण असते. अधूनमधून साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी आणि कोकणातल्या पावसाळ्यासारख्या सततच्या ओलीत अर्क बंदच ठेवावा.

रासायनिक खत की सेंद्रिय, या वादात ऑर्किडला ओढण्याचे कारण नाही. त्याला हवा, उजेड, मोजके पाणी आणि विरळ पण नियमित पोषण हवे असते. यातल्या शेवटच्या गरजेचा एक भाग गांडूळखताचा ताजा अर्क उत्तम रीतीने भागवतो. पुढच्या वेळी खताची मूठ ऑर्किडच्या कुंडीकडे वळेल, तेव्हा ती आधी पाण्याच्या बादलीत टाका.