सामन्याला जायचे कसे?

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावू लागली. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. चार लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात ते वाटायचे म्हटले तर माणशी सव्वा लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मैदानांना त्या हंगामात सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा याचिकेतला अंदाज होता. अंतिम सामना वानखेडेऐवजी बंगळुरूला झाला. खेळाच्या पर्यावरणीय किमतीचा हिशेब महाराष्ट्रात इतक्या उघडपणे त्याआधी क्वचितच मागितला गेला असेल.

त्या निकालावर तेव्हाच एक आक्षेप आला आणि तो खोडून काढण्यासारखा नव्हता. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षभरात ढोबळमानाने ८० लाख लिटर पाणी लागते. म्हणजे साऱ्या सामन्यांचे पाणी एकरभर उसालाही पुरले नसते. मग क्रिकेटलाच का धरायचे? याचे उत्तर असे की पाणी पिण्यासाठी पुरत नसताना ते आधी कोणाला मिळावे, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि तो रास्तच होता. उसाला तो विचारला गेला नाही म्हणून क्रिकेटला माफी मिळत नाही. मला खटकते ते पुढचे. सामने हलले ते विशाखापट्टणमसारख्या शहरांत, म्हणजे मुंबई-पुण्याचे संघ आपले ‘घरचे’ सामने खेळायला विमानाने शेकडो किलोमीटर गेले. अंतिम सामना जिथे गेला त्या कर्नाटकातही त्या वर्षी दुष्काळच होता. महाराष्ट्राचे पाणी वाचले, पण खेळाचा भार हलका झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

मैदानाच्या पाण्याचा प्रश्न तसा सुटणारा आहे. क्रिकेटच्या मैदानाचे क्षेत्रफळ साधारण दीड हेक्टर धरले आणि त्यावर पाच मिलिमीटर पाणी शिंपडले, तर एका वेळेला ७५ हजार लिटर लागतात. त्यातले बहुतेक पाणी आउटफील्डच्या हिरवळीलाच जाते, बावीस यार्डांच्या खेळपट्टीचा वाटा किरकोळ. आणि हिरवळीला पिण्याचे पाणी लागतच नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी चालते, फक्त त्यातल्या क्षारांवर क्युरेटरला लक्ष ठेवावे लागते. २०१६ला क्रिकेट मंडळाने उच्च न्यायालयात हाच पर्याय पुढे केला होता, पण अंगाशी आल्यावर. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूत बोअरवेल आटल्या, तेव्हा चिन्नास्वामी स्टेडियमसाठी कबन पार्कच्या शुद्धीकरण केंद्रातले पाणी वापरायचे ठरले आणि सामने झाले. मोठ्या शहरातल्या प्रत्येक स्टेडियमला ही सोय सक्तीची करायला हरकत घ्यावी असे एकही कारण मला दिसत नाही.

खरा भार मात्र मैदानाबाहेर असतो. २०१८च्या रशियातल्या फुटबॉल विश्वचषकाचे कार्बन उत्सर्जन आयोजकांच्याच अंदाजानुसार २१ लाख टनांच्या घरात होते आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश हिस्सा प्रवासाचा होता. प्रकाशझोत, जनरेटर, प्लॅस्टिकचे पेले हे सगळे डोळ्यांत भरते, म्हणून त्याचीच चर्चा होते. पण आकडा ठरतो तो माणसे मैदानापर्यंत कशी येतात यावर. आपल्याकडची दोन मैदाने शेजारी ठेवून पाहा. वानखेडेचा प्रेक्षक चर्चगेटला किंवा मरीन लाइन्सला उतरतो आणि काही मिनिटांत चालत गेटवर पोहोचतो. पुण्याचे स्टेडियम गहुंजेला, द्रुतगती मार्गालगत आहे. तिथे चाळीस हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. त्यातले निम्मे जरी मोटारीने, एका गाडीत चौघे असे आले, तरी एका संध्याकाळी पाच हजार गाड्या होतात. पुणे-लोणावळा लोकलचा मार्ग तिथून फार दूर नाही. स्टेशन ते स्टेडियम ही शेवटची काही किलोमीटर जोडण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, एवढाच प्रश्न आहे. चेन्नईने २०२३मध्ये सामन्याच्या तिकिटावर मेट्रोचा प्रवास मोफत करून तो सोडवला. जर्मनीत २०२४च्या युरो स्पर्धेचे तिकीट हाच यजमान शहरातल्या बस-ट्रामचा पास होता. यासाठी ना नवे तंत्रज्ञान लागले, ना प्रेक्षकाच्या आनंदात काही उणे झाले.

प्रेक्षकांनंतर येतात संघ. आयपीएलच्या दहा संघांच्या आणि ७४ सामन्यांच्या हंगामात प्रत्येक संघ दर तीन-चार दिवसांनी गाव बदलतो. त्याच्याबरोबर प्रशिक्षक, फिजिओ, प्रक्षेपणाची माणसे, सामानसुमान. हे अटळ आहे असे आपण धरून चाललो होतो. पण २०२२मध्ये कोविडमुळे साखळीचे सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या चार मैदानांवर झाले. दहाही संघ साखळी संपेपर्यंत याच पट्ट्यात राहिले, बसने ये-जा करत राहिले आणि खेळाचा दर्जा खालावल्याची तक्रार कोणी केली नाही. अर्थात चेन्नईच्या माणसाला आपला संघ चेपॉकवर पाहायचा असतो, कोलकात्याच्या माणसाला ईडनवर. हा आक्षेप मी मनापासून मान्य करते. घरचे मैदान काढून घेतले तर त्या संघाचे त्या शहराशी नाते उरत नाही. पण घरचे सामने ठेवूनही फिरणे कमी करता येते. अमेरिकेतल्या बेसबॉल लीगमध्ये एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि तरी तग धरतो, कारण एकदा एका शहरात गेला की तिथे तीन-चार सामने खेळूनच पुढे निघतो. आपल्याकडे घरचे सामने सलग आणि बाहेरचे सामने भौगोलिक क्रमाने लावले, म्हणजे चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद एका फेरीत आणि दिल्ली, जयपूर, मोहाली दुसऱ्या फेरीत, तर कित्येक विमानफेऱ्या वाचतील. प्रक्षेपणाच्या वेळा आणि मैदानांची उपलब्धता यांची अडचण येईल, पण वेळापत्रक करताना आजही अशा डझनभर अडचणी सांभाळल्या जातातच. त्यांत आणखी एकीची भर पडेल.

याऐवजी जे केले जाते ते पाहून वाईट वाटते. २०२३पासून आयपीएलच्या बाद फेरीतल्या प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपे लावण्याची घोषणा झाली. झाडे लावण्याला कोण नाही म्हणेल? पण रोपाचे झाड व्हायला वर्षे लागतात आणि विमानाचा धूर आजच हवेत जातो. फुटबॉलमध्ये हाच प्रकार कतारला झाला. २०२२चा विश्वचषक ‘कार्बन न्यूट्रल’ असल्याचा दावा फिफाने केला होता. जाहिरातींवरच्या तक्रारी तपासणाऱ्या स्विस आयोगाने २०२३मध्ये तो निराधार ठरवला. पॅरिसने २०२४च्या ऑलिंपिकसाठी वेगळी वाट धरली. सुमारे ९५ टक्के स्पर्धास्थळे जुनी किंवा तात्पुरती होती आणि लंडन व रिओच्या सरासरीपेक्षा उत्सर्जन निम्म्याहून कमी राहिले, असा आयोजकांचा हिशेब आहे. न बांधणे ही सर्वांत मोठी बचत. आपल्या बालेवाडीचे क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या, हे याच शहाणपणाचे जुने उदाहरण आहे. अहमदाबादला २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा होणार आहेत. तिथे आधी काय वापरता येईल ते पाहावे आणि मगच पाया खणावा.

देशातल्या कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या तुलनेत खेळाचा धूर नगण्य आहे, हेही ऐकू येते. खरे आहे. पण खेळ स्वतःच या बिघाडाचा बळी होतो आहे. डिसेंबर २०१७च्या दिल्ली कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून उतरले आणि खेळ थांबवावा लागला. २०२३च्या क्रिकेट विश्वचषकात मुंबई आणि दिल्लीतली आतषबाजी हवा खराब असल्याने मंडळाने स्वतःहून बंद केली आणि त्यावाचून कोणाचे अडले नाही. ज्याला मोकळी, श्वास घेण्याजोगी हवा लागते त्याने तिची काळजी घेण्यात पुढे असावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

हंगाम सुरू झाल्यावर बोलून उपयोग नसतो, कारण निम्मे नुकसान वेळापत्रक ठरते तेव्हाच ठरलेले असते. म्हणून मागण्याही आधीच करायला हव्यात. मैदानाला प्रक्रिया केलेलेच पाणी, तिकिटातच लोकल-बसचे भाडे आणि प्रत्येक संघाच्या प्रवासाचे किलोमीटर वेळापत्रकासोबत जाहीर. गहुंजेचे पुढचे तिकीट काढाल तेव्हा आयोजकांना एवढे जरूर विचारा की स्टेशनवरून बस कुठे मिळेल. चाळीस हजार लोकांनी हा प्रश्न विचारला तर बस सोडावीच लागेल.